बावीस फुटांची फरशी

"आप्पा, पाय उचला."

"उचलतोय की."

"कुठं उचलताय? उजवा घ्या. आधी उजवा."

मधल्या खोलीत आम्ही दोघं समोरासमोर उभे होतो. मी आप्पांचे दोन्ही हात धरलेले, तोंड त्यांच्याकडं आणि पाठ मोरीकडं. त्यांचं वरचं अंग पुढं यायला निघालं होतं, पण पाय फरशीला डिंकानं चिकटवल्यासारखे. टाचा नुसत्या जागच्या जागी थरथरत होत्या. मोरीचं दार माझ्या मागं दहा फुटांवर उघडं होतं. सकाळचे आठ वाजले होते, कामावर माणसं माझी वाट बघत होती आणि मी वैतागलो होतो.

"अहो, एवढं सपाट हाय सगळं, अडताय कशाला?" मी म्हणालो, आणि आप्पांनी खाली बघितलं. मीही बघितलं. लेंगा ओला झाला होता.

"ऱ्हाऊ दे आता," आप्पा म्हणाले. "आता काय घाई न्हाई."

याला आता अकरा वर्षं झाली. मी फरशीवाला. मिरज-सांगलीत निम्मे बंगले माझ्या हातचे आहेत असं मी चारचौघांत सांगतो. खरं म्हणजे निम्मे नसतील, पण पुष्कळ आहेत. नवं गिऱ्हाईक कधी घरी आलं की पहिल्यांदा माझ्या घरची फरशी बघतं आणि गप्प होतं. चार बाय दोनच्या मोठ्या, सायीच्या रंगाच्या चकचकीत टाइल्स, आणि त्यांना आडव्या कापून बसवलेल्या काळ्या कडप्प्याच्या सोळा पट्ट्या, पुढच्या दारापासून थेट मोरीपर्यंत. जाणकार असेल तर त्याला हेही दिसतं की चौथी पट्टी जराशी तिरकी आहे. "मिस्त्री, स्वतःच्या घरात असं का?" असं विचारतात. मी विषय बदलतो. धंद्याच्या बोलण्यात ही गोष्ट सांगता येत नाही.

आप्पा, म्हणजे केरबा मिस्त्री, माझे वडील आणि माझे गुरू. ते शहाबादी फरशीच्या जमान्यातले. गुडघ्यावर बसून हातोडीनं फरशी ठोकत ठोकत मागं सरकत जायचे, आणि खोली पुरी झाली की उठून एकदा तिच्यावरून अनवाणी चालायचे. "डोळा फसतो, पाय फसत न्हाई," म्हणायचे. मला धंद्यात घेतलं तेव्हा पहिला धडा दिला तो असा: "सांधा दिसला की मिस्त्री दिसला. मिस्त्री दिसता कामा नये." हे वाक्य मी आयुष्यभर कपाळाला लावलं. पुढं मोठ्या टाइल्स आल्या आणि माझं नावच 'बिनसांध्याचा भारत' पडलं.

पण आमच्या स्वतःच्या घरात शहाबादीच होती. आई नवी नवरी म्हणून आली त्या वर्षी आप्पांनी ती घातली होती. चाळीस वर्षांनी सांधे खचले, ओल वर यायला लागली, कोपरे उठले. तोवर आप्पांना कंपवातानं गाठलं होतं. पार्किन्सन, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. हात थरथरायचा, चाल आखूड झाली होती, पण ते चालायचे. आई गेल्यावर तर त्यांचा एकच हट्ट उरला होता. मोरीत एकट्यानं जायचं आणि आतून कडी लावायची. थरथरत्या हातानं ती कडी काढायला पाच-पाच मिनिटं लागायची. माझी बायको छाया बाहेर जीव मुठीत धरून उभी राहायची. "आप्पा, कडी नका लावू, नुसतं दार लोटा," म्हणायची. आतून उत्तर यायचं, "मग दार कशाला केलंय?"

एकदा उठलेल्या कोपऱ्याला अंगठा अडखळून ते पडता पडता वाचले. त्या दिवशी मी ठरवलं, आता फरशी बदलायची. दिवाळीच्या आधी आप्पांना पंधरा दिवस तासगावला अक्काकडं ठेवलं. शालनअक्का माझी थोरली बहीण. इकडं मी माझा सगळा जीव ओतला. दुकानातून एक एक टाइल निवडून आणली. इतक्या घट्ट सांध्यानं आजवर कुणाच्या बंगल्यात बसवली नव्हती. खोली पुरी झाली तेव्हा ती एकाच दगडाची वाटत होती. खरं सांगतो, मला रडू आलं.

आप्पा परत आले. दारातच खाली बसले आणि तळहात फिरवत राहिले. नखानं सांधा शोधला. मग माझ्याकडं वर बघून म्हणाले, "घावत न्हाई." दोनच शब्द. मला वाटलं, आपण जिंकलो.

मग ते उठले, उंबऱ्यावरून आत आले आणि उभे राहिले. तिसऱ्या पावलाला पाय जे थांबले ते थांबले.

पहिले काही दिवस आम्ही म्हणालो, चकाकी आहे, घसरायची भीती वाटत असेल. मी रबरी तळाच्या चपला आणल्या. काही उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, आजार पुढं सरकतोय, हे व्हायचंच होतं. मीही मनाची समजूत घातली. फक्त एक गोष्ट कुणालाच उलगडत नव्हती. आमच्या पुढच्या दाराला पाच पायऱ्या आहेत. त्या आप्पा खाडखाड चढायचे आणि वर सपाटीला आले की अडायचे. शेजारचे नामदेवतात्या हसून म्हणायचे, "पायऱ्या चढतंय आन् सपाटीवर बसतंय! केरबा, तुझं म्हंजी उलटंच गाडं." आप्पाही हसायचे.

मोरीचं दार आता उघडंच राहायला लागलं. मी हात धरून न्यायचो, आत उभा राहायचो. आप्पा भिंतीकडं तोंड करून बसायचे. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. मग छायाच्या लक्षात आलं की त्यांच्या उशाजवळचा पाण्याचा तांब्या सकाळी भरलेला तो संध्याकाळीही भरलेलाच असतो. चहाही ते खिडकीतल्या कुंडीत ओतत होते. प्यायचंच नाही म्हणजे जायला नको.

आणि मग ती सकाळ आली, जिच्यापासून मी सुरुवात केली. त्याच दिवशी छायानं अक्काला फोन लावला, आणि संध्याकाळच्या आत अक्का दारात हजर.

"आठ दिवस नेते मी," ती म्हणाली. "तुम्ही जरा दम खावा."

"तुझ्याकडं तर मोरी परसात हाय. कसं नेणार?"

"ते मी बघते. बापाचं करायला काय अंगण मोजत बसू?"

खुर्ची सांगून ठेवलीय, आप्पा परत आले की खाटेजवळच बसवायची, असं मी तिला दारात हळूच सांगितलं. भोक असलेली खुर्ची, खाली भांडं. आप्पांनी ऐकलं असावं. जीपमध्ये बसताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "फरशीला डाग पडू देऊ नगंस."

पुढच्या रविवारी मी तासगावला गेलो. दुपारची वेळ. अक्काचं दार उघडंच होतं. मी चपला काढायला वाकलो आणि आतून कुणीतरी चालत येताना दिसलं. परसाच्या दारातून, सोप्यातून, माझ्याकडं. काठी नाही. हाताला धरायला कुणी नाही. मान खाली घालून, एका लयीत, पाय चांगले वर उचलून.

आप्पा होते.

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आनंद. नक्कीच आनंद वाटला. पण तो क्षणभरच टिकला, आणि मग मला जीभ आवरलीच नाही.

"वा!" मी म्हणालो. "हितं बरं चालताय!"

आप्पा चपापले. थांबले.

"दीड महिना मी तुमच्या हाताला धरून रडकुंडीला आलो. छाया रोज तुमची कापडं धुतीया. आन् लेकीच्या घरी पाय सुटले?"

"भारत!" अक्का आतून धावत आली. "काय बोलतोस?"

"बरोबर बोलतोय. आईची फरशी काढली म्हणून रुसलेत हे. सरळ सांगायचं न्हाई, अडून बसायचं."

"अरं, त्यांला तिथं भ्या वाटत असंल. तुझी ती फरशी..."

"माझ्या फरशीला काय झालंय? नाचता येईना अंगण वाकडं म्हणत्यात ते ह्येच!"

आप्पांचा खालचा ओठ तेवढा हलत होता. बापाला असं बोललेला मी त्याआधी कधी नव्हतो आणि बोलून झाल्यावर मला तिथं उभंही राहवेना. मी मागं वळून चपला शोधायला लागलो.

"जेवल्याबिगर जायचं न्हाई," अक्का दटावून म्हणाली. तिला वाटलं, घास पोटात गेला की डोकं थंड होईल. "बस तिथं. आप्पा, तुमीबी बसा, पान वाढते." तिनं सोप्यात सतरंजी अंथरली.

आप्पा पानाकडं यायला निघाले. दोन पावलं नीट टाकली. सतरंजीच्या काठाशी आले आणि पाय चिकटले. टाचा थरथरायला लागल्या. अगदी तसंच, जसं माझ्या घरात व्हायचं.

"थांबा, थांबा, विसरलेच," अक्का म्हणाली, आणि हातातलं ताट खाली ठेवून तिनं सतरंजीचा काठ धरून ती सरकन मागं ओढली. आप्पा चालायला लागले.

मी बघत राहिलो.

"सतरंजी का काढलीस?" मी विचारलं.

"त्यांला तिच्यावर चालता येत न्हाई. आल्या दिवशीच बघितलं मी. पसरलेलं काय बी आसलं की अडत्यात. मी आता खाली काय ठेवतच न्हाई." तिनं हे इतक्या सहज सांगितलं, जणू त्यांना भाजी तिखट चालत नाही असं सांगत होती.

मी आप्पांच्या चेहऱ्याकडं बघणं सोडलं आणि ते कुठं बघतायत तिकडं बघितलं. मान खाली का होती ते मला तेव्हा दिसलं. अक्काच्या घरात शहाबादी होती, आप्पांनीच तिच्या लग्नानंतर घालून दिलेली. दीड फुटाची फरशी आणि तिच्यामधले जाड, काळपट सांधे. आप्पांचा डोळा पुढच्या सांध्यावर होता. सांधा दिसला की पाय उचलला जायचा आणि पलीकडं पडायचा. मग पुढचा सांधा, पुढचं पाऊल. पायऱ्यांचंही तेच. प्रत्येक पायरीला कडा असते.

माझ्या घरात बावीस फूट एकही रेघ नव्हती. मीच ठेवली नव्हती.

मी खाली बसलो. आप्पा माझ्याशेजारी येऊन भिंतीला टेकून बसले. मी विचारलं, "आप्पा, तुम्हांला ठावं हुतं?"

"काय?"

"सांध्याचं."

त्यांनी शेजारच्या सांध्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पयल्याच दिवशी कळलं. खाली बघाया गेलो तर बघायला कायच न्हाई. तळ्यात उभं ऱ्हायल्यागत. पाय मनाचा उचलत न्हाई रं आता. डोळ्यानं सांगावं लागतंय त्येला, हितं टाक म्हणून."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं?"

"हेच! दीड महिना! अहो, मी तुम्हांला काय काय बोललो..."

"काम चोख केलं हुतंस," आप्पा म्हणाले. "चाळीस वर्सं ह्या धंद्यात काढली, आसलं काम मला जमलं न्हवतं. येक सांधा घावला न्हाई. त्या कामाला मी नाव ठिवू? कशापायी, तर म्हाताऱ्याला मोरीत जायाचंय म्हणून?"

मला रडू फुटलं. चाळिशीला आलेला बाप्या, अक्काच्या सोप्यात, वाढलेल्या ताटापुढं. आप्पांचा हात माझ्या पाठीवर आला. तो थरथरत होता, त्यामुळं ते मला थोपटत होते की नुसता हात हलत होता ते कळत नव्हतं. मग ते हळूच हसले.

"अंगण वाकडं न्हवतं रं," म्हणाले. "लईच सरळ हुतं."

जेवणं झाली तशी मी आप्पांना गाडीत घातलं. अक्का म्हणत होती, आठ दिवस तर होऊ देत. मला थांबवेना. वाटेत मी विचारलं, "रेघा दीड फुटावर मारू?"

"दीड फूट लांब पडतंय आता. शालनकडं मधीच दम लागतोय. सोळा इंच धर."

मिस्त्रीच तो. स्वतःच्या पावलाचं माप त्यानं गिऱ्हाइकाच्या खिडकीचं द्यावं तसं दिलं.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. आप्पांना पुढच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. पिशवीतून दोरी काढली. आमच्या धंद्यात सरळ रेघ काढायची तर दोरी गेरूत बुडवतात, दोन टोकांना ताणून धरतात आणि मधे चिमटीत उचलून सोडतात. फट्कन् आवाज होतो आणि खाली तांबडी रेघ उमटते. छाया दारात येऊन बघायला लागली.

"अहो, नव्या फरशीवर गेरू?"

"धर ते टोक," मी म्हणालो.

"डाग जायचा न्हाई हां."

"न्हाईच जाऊ दे."

पहिली रेघ मारताना माझा हात थांबला. ते खोटं सांगणार नाही. पुढं पसरलेल्या त्या अखंड फरशीकडं मी एकदा बघून घेतलं. आप्पा खुर्चीवरून म्हणाले, "सोड की. बघत काय बसलास?"

मी दोरी सोडली.

सोळा इंचांवर दुसरी. मग तिसरी. चौथ्या रेघेला छायाचे डोळे भरून आले होते, कारण मी तिला मधेच सगळं सांगून टाकलं होतं. "दोरी ताण गं, ढिली पडलीया," आप्पा खुर्चीवरून ओरडले. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा टोक धरलं. आम्ही गुडघ्यांवर सरकत सरकत मधली खोली ओलांडली आणि मोरीच्या दारापाशी सोळावी रेघ मारली. माझी बोटं, छायाचा पदर, सगळं गेरूनं तांबडं झालं होतं. बंगलेवाल्या कुठल्या गिऱ्हाइकानं ती फरशी त्या वेळी बघितली असती तर मला पुन्हा काम दिलं नसतं.

"या," मी त्यांच्यासमोर दोन पावलांवर येऊन म्हणालो.

आप्पा खुर्चीचे हात धरून उठले. छाया पुढं व्हायला लागली, मी तिला खुणेनं अडवलं. आप्पांनी मान खाली घातली. पहिल्या रेघेकडं बघितलं. पाय थरथरला. मला वाटलं, गेलं, चिकटला.

पाय उचलला गेला. रेघेपलीकडं पडला.

दुसरी. तिसरी. चौथ्या रेघेपाशी ते जरा रेंगाळले, मान तिरपी करून बघितलं, आणि तीही ओलांडली. मग त्यांना लय सापडली. पाच, सहा, सात. मी मनातल्या मनात मोजत होतो आणि एक एक पाऊल मागं सरत होतो, हात पुढं करून, लहान पोर पहिल्यांदा चालताना आपण करतो तसे. आप्पांनी माझे हात बघितले.

"सर बाजूला," म्हणाले. "वाट दे."

मी भिंतीला लागलो. ते माझ्या अगदी जवळून गेले. अंगाला अक्काकडच्या साबणाचा वास येत होता. सोळावी रेघ ओलांडून ते मोरीत गेले, वळले, आणि आमच्या तोंडावर दार लावून घेतलं.

छाया आणि मी बाहेर उभे राहिलो. आत काहीतरी खटखटत होतं, लोखंडावर लोखंड, पुन्हा पुन्हा. थरथरत्या हाताला भोक सापडत नव्हतं. छायानं माझा दंड घट्ट धरला. "लोटलं तरी चाललं असतं की," ती पुटपुटली, पण मोठ्यानं म्हणाली नाही.

मग कडी बसली.

आम्ही दोघं तिथंच फरशीवर टेकलो. कितीतरी वेळानं आतून आप्पांचा आवाज आला, जुना, कामावरचा.

"भारत!"

"काय, आप्पा?"

"चवथी रेघ सूतभर तिरकी हाय."